दाराबाहेरचा खर्ज

गाण्याआधी गणवेश शिवणाऱ्या लोकांचा हेपिसिपाला मनापासून तिटकारा. ऑकलंडच्या मांगेरे भागात असे लोक पुष्कळ. चार माणसं जमली की आधी नाव ठरतं, मग अध्यक्ष, मग सगळ्यांसाठी फुलाफुलांचं कापड. सूर कुठला लावायचा म्हणून विचारलं की एकमेकांची तोंडं बघतात.

हेपिसिपाच्या क्वायरला आजतागायत गणवेश नाही. अध्यक्ष नाही. नावसुद्धा नाही. इस्पितळातल्या नर्सा त्यांना ‘लॉन्ड्रीवाल्या’ म्हणतात. तोंगा, सामोआ, निऊए, रारोटोंगा अशा प्रशांत महासागरातल्या सगळ्या बेटांची माणसं त्यात आहेत, आणि त्यात पुरुषही आहेत, हे त्यांच्या गावीही नसतं. दर रविवारी दुपारी दोनला, भेटीच्या वेळेत, ही मंडळी एका वॉर्डात जातात, तीन गीतं गातात आणि चहा न घेता बाहेर पडतात. चहाला हेपिसिपाबाईंची बंदी आहे. चहासाठी आलेला माणूस गाताना दम राखून ठेवतो, असं त्यांचं म्हणणं.

हेपिसिपा तोंगातल्या हापाईच्या बेटांवरची. एकतिसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर ऑकलंडला आली आणि दुसऱ्याच सोमवारी इस्पितळाच्या लॉन्ड्रीत लागली. चौतीस वर्षं तिथंच काढली. मधे नवरा गेला, तेव्हा चार दिवस रजा घेतली. पाचव्या दिवशी रोलरपाशी हजर.

हा रोलर म्हणजे इस्त्रीचं यंत्र. माणसाच्या उंचीचं, तापलेलं, न थांबणारं. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, एकाच क्षणी झटकायची, एकाच क्षणी आत द्यायची. एकीचा हात अर्धा ठोका मागं राहिला की चादरीला चुणी पडते. चुणी पडली की चादर परत ओल्या ढिगात. एका पाळीत आठशे चादरी. बोटं भाजतात ती वेगळीच. रोलरवर नवी बाई आली की हेपिसिपा पहिल्या तासात सांगायची ही टिकेल की जाईल, आणि तिचा अंदाज चुकत नसे. तिला माणसं दोनच प्रकारची ठाऊक होती, झटकणारी आणि लोंबकळणारी.

तिच्या समोरच्या कोपऱ्यावर बावीस वर्षं तेरेमोआना होती. रारोटोंगाची, रुंद खांद्यांची, तोंडानं हेपिसिपाहून फटकळ. यंत्राच्या गोंगाटात हाताला ठोका मिळावा म्हणून दोघी उपासनेतली गीतं गायच्या. हेपिसिपाचा सूर वरचा, तेरेमोआनाचा बायकांतला खालचा. खडकापार नाव नेणाऱ्या प्रभूचं एक गीत होतं, त्याच्या चालीत चादर नेमकी बसायची. त्या गीताला त्यांच्या चादरींना कधी चुणी पडली नाही. पलीकडच्या टोकाला घड्या घालणारी फुआतिनो, ही सामोआची, ओळ संपता संपता घुसायची. तेरेमोआना तिकडून ओरडायची, “फुआतिनो, तुझा नवराही रोज असाच वाट बघत झोपून जातो काय गं?” आणि सगळी लॉन्ड्री खिदळायची.

मग तेरेमोआनाचा एकुलता एक, नोरोआ, खाडीच्या तोंडाशी मासे धरायला गेला आणि परत आला नाही. एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी सापडला.

अंत्यविधीला कोण गाणार, असं पाळकांनी विचारलं. त्या आठवड्यात लॉन्ड्रीत माणसं कमी होती आणि हेपिसिपा रोज दोन पाळ्या करत होती. चार माणसं बोलवायची, त्यांच्याकडून बसवून घ्यायचं, तेवढं अंगात उरलं नव्हतं. ती म्हणाली, “लुपेतीला सांगा.” आयुष्यात एकदाच तिनं काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं. त्या एकदाची आठवण तिनं स्वतःला कधी विसरू दिली नाही.

लुपेती हा तिचा भाचा, भावाचा मुलगा. पस्तिशीचा, अंगानं गोल, केसांना जेल. चर्चमधलं सगळं संगीत त्याच्या विजेवर चालणाऱ्या एका पेटीत असायचं. ढोल पेटीत, गिटार पेटीत, पन्नास माणसांची क्वायरसुद्धा पेटीत. माणसं बाकांवर बसून ओठ हलवायची. त्या दिवशी शवपेटीपुढं त्यानं पेटी चालू केली. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर ती अडकली. “ने, ने, ने, ने,” एवढंच म्हणत राहिली. लुपेती बटणं दाबत होता. लोक खाली बघत होते. हेपिसिपा उठली, भिंतीकडं गेली आणि वायर उपटली. मग जी शांतता पसरली ती त्या ‘ने ने’हून वाईट होती. तीनशे माणसं, एकाच्याही गळ्यातून सूर फुटेना.

तेरेमोआना उठून उभी राहिली. “माझ्या पोरासाठी तुम्हा सगळ्यांत मिळून एक गळा नव्हता?” एवढंच बोलली.

त्यानंतर ती चर्चमध्ये आली नाही. जेवताना प्रार्थना नाही, काही नाही. रोलरवर मात्र रोज यायची. पुढची चार वर्षं दोघींनी समोरासमोर चादरी दिल्या, पण गायल्या नाहीत. त्या चार वर्षांत चुण्या पडायला लागल्या.

हेपिसिपा निवृत्त झाली त्या वर्षी तेरेमोआनाची मूत्रपिंडं गेली. साखरेनं थोडं आधीच पाय खाल्ला होता, रोलर तेव्हाच सुटला. ज्या इस्पितळाच्या चादरी धुतल्या त्याच इस्पितळाच्या चादरीवर ती येऊन पडली. पाळक गिटार घेऊन गेले, तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. हेपिसिपा गेली. तेरेमोआना आधी चादरीकडं बघत होती.

“बघ, चुणी,” ती म्हणाली. “कोण गाढव बसवलंय रोलरवर?”

“पोरी आहेत. कानात गाणी घालून काम करतात.”

“मग बरोबर.”

हेपिसिपानं ती चुणी तळव्यानं सारखी केली. मग हेपिसिपा म्हणाली, “तू देवाशी बोलत नाहीस, हे बरं नाही.”

“तो कुठं बोलतोय? त्याच्याकडनं ‘ने ने ने’ एवढंच आलं.”

“ते देवाचं नव्हतं. ते माझ्या आळसाचं होतं.”

तेरेमोआनानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. चार वर्षांत हा विषय पहिल्यांदाच निघत होता.

“मी गळे आणते,” हेपिसिपा म्हणाली.

“किती?”

“चारही सूर. बायकांचे दोन, पुरुषांचे दोन. ते खडकापारचं गीत. तुझ्यासमोर, इथं.”

“खर्जही?”

“खर्जही.”

“खर्जाशिवाय आलीस तर बघ. जमिनीशिवाय घर नको मला. ते मी एकदा बघितलंय.” मग डोळे मिटत म्हणाली, “आणि लवकर आण. हे डॉक्टर लोक महिन्याच्या पुढं काही बोलत नाहीत.”

असा त्या क्वायरचा जन्म झाला. मांगेरेत आता लोक सांगतात की बाईंना स्वप्नात दृष्टान्त झाला. लोकांना दृष्टान्त आवडतो, त्याला मेहनत लागत नाही.

हेपिसिपानं गॅरेज मोकळं केलं. जुन्या कपाटाचं दार काळं रंगवून भिंतीला लावलं. लॉन्ड्रीतून आणलेला चादरी ओढायचा दांडा छडी म्हणून घेतला. पहिल्या मंगळवारी बारा जण आले. लॉन्ड्रीतल्या सात बाया, त्यांत फुआतिनो, आणि पाच पुरुष. पुरुषांत मोका नावाचा निऊएचा निवृत्त बसड्रायव्हर होता, उंच सुराचा. त्याला बायकोनं संध्याकाळपुरतं घरातून हाकललं म्हणून तो आला होता, पण वेळेवर आला. दुसरा तोंगाचा एक वडीलधारा, चर्चच्या कारभारी मंडळातला. त्याला खर्जात बसवायचं ठरलं होतं.

हेपिसिपानं फळ्यावर खडूनं आकडे लिहायला सुरुवात केली. तोंगात सूर आकड्यांनी लिहितात, तीनपासून नऊपर्यंत.

“हे काय, हाऊजी?” फुआतिनो म्हणाली. “हेपिसिपा, बक्षीस काय आहे?”

“आणि एक, दोन कुठं गेले?” मोकानं विचारलं.

“एक आणि दोन आळशांना वाटून टाकले. तू तीनपासून गा.”

गाणं मात्र त्या दिवशी झालंच नाही. तिनं बादलीतून ओल्या चादरी काढल्या. दोघादोघांच्या जोड्या लावल्या आणि झटकायला सांगितलं, छडीच्या ठोक्याला. पाणी सगळ्यांच्या तोंडावर उडालं. कारभारी मंडळातला वडीलधारा म्हणाला, “बाई, आम्ही गायला आलोय, धुणं धुवायला नाही.”

“ज्याला दुसऱ्याबरोबर एक चादर झटकता येत नाही, तो दुसऱ्याबरोबर काय गाणार? हात मागं पडतोय तुमचा. पोट मधे येतंय. थोडं घरी ठेवून या.”

आठवडाभर हेच. मंगळवार, गुरुवार, शनिवार, पाच ते सात. आधी अर्धा तास चादरी, मग आकडे, मग शब्द. तिच्या तोंडाचा पट्टा छडीपेक्षा जास्त चालायचा. कुणाचा आवाज नाकातून आला की ती म्हणायची, डबा उघडा, झाकणातून गाऊ नका. कुणी उशिरा आलं की सगळ्यांना थांबवून त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावायची. बाराचे नऊ उरले. गेलेल्या तिघांबद्दल ती एवढंच म्हणाली, “चुण्या होत्या.”

गेलेल्यांत तो वडीलधारा होता. अंग रानडुकराचं, आवाज पिल्लाचा. पुढच्या तालमीला मोकाचा मेव्हणा आला. खर्ज होता त्याच्याकडं, पण मधल्या सुट्टीत नारळाच्या दुधातली अळूची पानं वाढली जातात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सुट्टीच नाही असं कळल्यावर तो परत दिसला नाही. महिन्यातले सोळा दिवस गेले. वरचा सूर उभा राहिला, मोकाचाही बसला. बायकांतला खालचा सूर कच्चा होता. तो इतकी वर्षं तेरेमोआनाच ओढत आली होती. आणि खर्ज नव्हताच. चांगलं छप्पर होतं, हवेत तरंगत होतं.

सतराव्या दिवशी लुपेती गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पेटी.

“आत्या, खर्जाची अडचण आहे असं ऐकलं. यात आहे. बटण दाबलं की चालू. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“तेरेमोआनाला कळेल.”

लुपेतीनं मान खाली घातली. अंत्यविधीपासून तो हेपिसिपासमोर मान वर करत नसे. तोंगाच्या घरात आत्याचा शब्द हा बापाच्याही वरचा. आत्यानं पेटी समुद्रात टाक म्हटलं असतं तर टाकावी लागली असती. हे माहीत असूनही तो पेटी घेऊन आला होता. हेपिसिपाला त्यातल्या त्यात तेवढं बरं वाटलं.

“मग बाबा आहेत की,” तो हळूच म्हणाला.

सगळे फळ्याकडं बघायला लागले. लिसिआते. हेपिसिपाचा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षं गोदीवर काढलेला माणूस. बोलतो कमी. परसात जाळं विणताना मात्र गातो, आणि तीन घरं पलीकडच्या काचा थरथरतात. मांगेरेत असा खर्ज दुसरा नव्हता, हे गॅरेजमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्याचं नाव कुणी का घेत नव्हतं, हेही ठाऊक होतं.

तोंगात मुलगी वयात आली की भाऊ झोपायला दुसरीकडं जातो. त्यानंतर जन्मभर भाऊ-बहीण एका खोलीत मोकळे हसत नाहीत. एकमेकांच्या कानावर वावगा शब्द पडू देत नाहीत. टीव्हीवर कुणी मुका घेतला तर दोघांतला एक उठून बाहेर जातो. लिसिआते दर शनिवारी बहिणीच्या मागच्या दारात कंदमुळांची टोपली ठेवायचा आणि हाक न मारता परत जायचा. हा आडपडदा पन्नास वर्षांचा. बहिणीचा मान मोठा. ‘ये’ म्हटलं तर तो येणारच, नाही म्हणणार नाही. पण आला की या गॅरेजमध्ये बसणार. आणि या गॅरेजमध्ये हेपिसिपाची जीभ चालते.

“आत्या, तुम्ही बोलावलं तर ते येतील,” लुपेती म्हणाला. “पण तुमचं हे... पोट, डबा, नवरा... ते त्यांच्या कानावर पडलं तर ते मरतील हो शरमेनं.”

“मी गप्प बसेन,” हेपिसिपा म्हणाली.

फुआतिनो फस्सकन हसली. “तू? मग आम्ही आजच देवाचे आभार मानून घेतो.”

शनिवारी लिसिआते आला. केस ओले करून विंचरलेले, तोंगाच्या रीतीनं कंबरेला मानाची चटई गुंडाळलेली, जणू रविवारच्या उपासनेला. कोपऱ्यातल्या बाकावर, बहिणीकडं पाठ होईल असा बसला. फळ्यावरचे आकडे त्यानं मान तिरकी करून एकदा बघितले. पुन्हा बघितले नाहीत. हेपिसिपानं छडी उचलली. त्यानं पहिला सूर लावला तेव्हा बादलीतलं पाणी हललं. मोकानं गाणं थांबवून त्याच्याकडं बघितलं. हेपिसिपाच्या ओठांवर शिवी आली, तिनं ती गिळली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ते गीत जमिनीवर टेकलं.

वीस मिनिटं ती गप्प राहिली. घामानं ओली झाली होती. इतकं कष्टाचं काम रोलरवरही केलं नव्हतं. मोका सुटला, तिनं छडीनं आकडा दाखवला. बायका घाईत गेल्या, तिनं हात खाली दाबला. आणि मग तिसऱ्या कडव्याच्या टोकाला फुआतिनो उशिरा घुसली, अगदी लॉन्ड्रीत घुसायची तशी. आणि ते हेपिसिपाच्या तोंडून सुटलं. तिला स्वतःलाही कळलं नाही. तेरेमोआनाचं लॉन्ड्रीतलं जुनं वाक्य, वर्षानुवर्षं ऐकून जिभेवर बसलेलं.

“फुआतिनो, तुझा नवराही रोज असाच वाट बघत झोपून जातो काय गं?”

कुणी हसलं नाही. फुआतिनोनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सामोआतही बहीण-भावाची रीत तीच आहे. लिसिआते उठला. कुणाकडं बघितलं नाही. बाक जागेवर सरकवला, जणू ते कुणा मोठ्याचं घर होतं, आणि चालता झाला.

हेपिसिपानं छडी खाली ठेवली. “आजचं झालं,” म्हणाली. त्यात एकही टोमणा नव्हता. मोकानं घरी जाऊन बायकोला सांगितलं की बाई आज टोमण्याशिवाय बोलल्या.

सोमवारी इस्पितळातून निरोप आला. तेरेमोआनानं यंत्रावर रक्त साफ करून घ्यायला नकार दिला होता. आठवडा म्हणजे फार झाला.

सोमवारीच संध्याकाळी पाचला हेपिसिपा कंबरेला जुनी, फाटकी चटई बांधून भावाच्या घरी गेली. फाटकी चटई तोंगाचा माणूस एका वेळेलाच बांधतो, आपण खाली आहोत हे सांगायला. आत गेली नाही. अंगणात गवतावर मांडी घालून बसली. मान खाली.

बहिणीनं भावासमोर असं बसायचं म्हणजे जग उलटं. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. समोरच्या घरातली बाई हातातला पाइप तसाच वाहता ठेवून बघत राहिली. लिसिआते दारात आला आणि जागच्या जागी थिजला.

“लुपेती,” तो आत तोंड करून म्हणाला, “तुझ्या आत्याला सांग, उठायला सांग. माणसं बघतायत. माझं काय पाप झालंय की ती अशी बसलीय?”

लुपेती बाहेर आला. त्याच्यापासून आत्या पाच हातांवर, बाप तीन हातांवर. “आत्या, बाबा म्हणतात उठा.”

“मला ऐकू आलं. त्याला सांग, चूक झाली ती माझी. आणि सांग की मी उठणार नाही.”

“बाबा, आत्या म्हणतात...”

“ऐकू येतंय मलाही. तिला सांग, मी यायला तयार आहे. मी गेलो तो रागावून नाही. मला कुठं बघावं ते कळेना.”

“त्याला सांग, आता अट घालायला सांग. काय हवी ती.”

लिसिआते गोंधळला. बहिणीला अट घालणारा भाऊ त्याच्या बेटावर जन्माला आलेला नव्हता. “मी? मी कशी घालू? तिला सांग, मी नाही घालणार.”

“मग मीच घालते,” हेपिसिपा म्हणाली. “रविवारी, इस्पितळात, मी तोंड उघडणार नाही. एक शब्दही नाही. उघडलं तर त्यानं परत कधी माझ्या दारात टोपली ठेवू नये.”

लुपेती दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. “हेही सांगू का?” त्यानं विचारलं.

“तू आत जा आणि पेटी धुऊन ठेव,” आत्या म्हणाली. “एवढं तरी करता येईल.”

रविवारी दोनला हेपिसिपाच्या मागं दहा माणसं इस्पितळाच्या दारात उभी होती. खोली लहान, पलंग मधे. नर्स म्हणाली, सगळे मावणार नाहीत. लिसिआते तर आत यायलाच तयार नव्हता. आजारी बाईची खोली, त्यात आपली बहीण. तो व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिला, दार अर्धं उघडं ठेवून. एवढ्यासाठी आपण जीभ बांधली, असं हेपिसिपाच्या मनात आलं. आणि मग आलं की दार उघडंच आहे, बांधली ते बरंच केलं.

तेरेमोआना पलंगात उरली नव्हती असं म्हटलं तरी चाललं असतं. रुंद खांदे तेवढे राहिले होते. तिनं एकेकाकडं बघितलं. “नऊ,” ती म्हणाली. “खर्ज कुठंय? मी काय सांगितलं होतं, हेपी?”

हेपिसिपानं दाराकडं बोट केलं. बोलली नाही.

“मुकी झालीस काय?”

हेपिसिपानं छडी उचलली. आणि तिच्या गप्प बसण्याचा तेव्हा जो परिणाम झाला तो तिनं चौतीस वर्षांच्या शिव्यांतून बघितला नव्हता. शिवीला माणूस सरावतो, ती पावसासारखी अंगावरून जाते. हिचं बंद तोंड बघून मोकाची पाठ सरळ झाली. फुआतिनोनं डोळे छडीवरून काढले नाहीत. एक ठोका, आणि सगळे एकाच क्षणी सुटले, ओली चादर झटकावी तसे.

व्हरांड्यातून खर्ज आला. तो दारातून आल्यासारखा वाटला नाही. फरशीतून आला. औषधांच्या ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींना लागल्या. पलीकडच्या वॉर्डातला कुणी म्हातारा “ए, ए” करत पलंगावर उठून बसला. व्हरांड्यातून जाणारा ढकलगाडीवाला थांबला तो थांबलाच.

पहिलं कडवं झालं. खालचा सूर कच्चा होता, बाकी ठीक. हेपिसिपानं छडी खाली घेतली आणि तेरेमोआनाकडं बघितलं. तेरेमोआनाचे डोळे मिटलेले. तोंडावर काही नाही. नर्सनं पाऊल पुढं टाकलं.

“नोरोआसाठी हे हवं होतं,” तेरेमोआना म्हणाली.

हेपिसिपानं मान हलवली. होय. तेच.

“बाहेर कोण आहे?”

“तिचा भाऊ,” फुआतिनोनं सांगितलं.

“बावीस वर्षं हिच्याबरोबर काम केलं, हा कधी दिसला नाही.” तेरेमोआनानं डोळे उघडले. मग तिचं तोंड जरासं वाकडं झालं. लॉन्ड्रीतल्या सगळ्याजणींना ते वाकडं तोंड ओळखीचं होतं, आणि फुआतिनो भीतीनं “नको, नको” असं पुटपुटली. पण तेरेमोआनाला कुणी कधी थांबवलं होतं? “दुसरं कडवं घ्या. आणि फुआतिनो, अजून उशिराच घुसतेस तू. नवरा बिचारा वाट बघत झोपूनच जात असणार.”

हेपिसिपानं डोळे घट्ट मिटले. आता पावलं वाजतील, व्हरांड्यातून लांब जातील, असं धरून ती उभी राहिली.

पावलं वाजली नाहीत. बाहेर कुणीतरी घसा साफ केला. आणि मग, छडी वर गेलेली नसताना, कुणी सांगितलेलं नसताना, दुसऱ्या कडव्याचा पहिला सूर आला. खालून, फरशीतून, एकटाच.

हेपिसिपानं घाईनं छडी उचलली. सगळे सुरात शिरले. फुआतिनो वेळेवर शिरली, आयुष्यात पहिल्यांदा. तेरेमोआनाचे हात अंगावरच्या चादरीचे दोन कोपरे शोधत होते. तिला ते सापडले. तिनं ते चिमटीत धरले, समोर कुणीतरी उभं असल्यासारखे. मोका सरकला आणि हेपिसिपा पलंगाच्या पायाशी गेली, उरलेले दोन कोपरे तिनं डाव्या हातात घेतले, उजव्या हातातली छडी चालू ठेवून.

तिसऱ्या ओळीला खालचा सूर आला. तो पलंगातून आला. चार वर्षांनी आला. गंजलेला होता, अर्धा वारा होता, पण प्रभूचं नाव ज्या शब्दात होतं त्या शब्दावर तो थांबला आणि तिथून हलला नाही.

जरा उतरलेलाही होता. हेपिसिपाच्या कानाला ते लगेच कळलं. ती काही बोलली नाही.